मधोमध ओवलेलं गांडूळ

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून सासूबाईंचा उजवा हात नुसता नावाला उरला होता. बाहेर नेलं तर मन रमेल, म्हणून बस चालवणाऱ्या जावयाने सुट्टीच्या दिवशी त्यांना तळ्यावर आणलं. त्याच्या मनात होतं, मासे आपण धरायचे आणि त्यांनी खुर्चीत बसून बघायचं.

सकाळभर त्याने चकाकती आमिषं फेकली, गळाच्या काठीचं रीळ गरागरा फिरवलं. तळ्यातले बास मासे ढिम्म.

"जावईबापू, पाणी घुसळून लोणी निघत नसतं," सासूबाई म्हणाल्या. "डबीतलं रबरी गांडूळ काढा. वजन लावू नका. गळ त्याच्या मधोमध ओवा."

"मधोमध? तोंडाकडून नको?"

"सांगते ते करा."

त्याने ओवलं. गांडूळ दोरीवर वाळत टाकलेल्या मोज्यासारखं दिसत होतं. सासूबाईंनी डाव्या हाताने काठी झुलवली आणि ते अलगद बुडालेल्या झाडाच्या फांद्यांपाशी पडलं. मग त्यांनी काठी तशीच धरून ठेवली. गांडूळ दोन्ही टोकं थरथरवत सावकाश खाली निघालं.

जावयाचा जीव वरखाली होऊ लागला. "आई, आता ओढा ना!"

"बुडणाऱ्या किड्याला कुणी ओढतं का? दोऱ्याकडे बघा."

पाण्यावर सैल पडलेला दोरा गुपचूप बाजूला सरकू लागला. सासूबाईंनी काठी उचलली. काठी कमानीसारखी वाकली. जावई धावला.

"हात लावाल तर याद राखा!"

त्यांनी काठीची मूठ उजव्या काखेत दाबली आणि डाव्या हाताने रीळ फिरवायला घेतलं. माशाने पाण्याबाहेर उसळी मारून डोकं झटकलं, तशी त्यांनी काठीचं टोक खाली नेलं, दोरा मात्र सैल पडू दिला नाही. जावई तोंडाचा आ करून बघत राहिला. मासा थकून काठाला आला, तेव्हा कुठे जावयाला त्याचा जबडा धरायची परवानगी मिळाली. मासा चांगला हातभर होता.

"आई, कमाल आहे तुमची! कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही. तुमचे सासरे तळ्यावर एकदा बोलायला लागले की थांबायचे नाहीत. ऐकता ऐकता माझा गळ पाण्यात तसाच पडून राहायचा. आणि मासे मलाच लागायचे."

जावई खो खो हसला. मासा पाण्यात सोडून त्याने आपल्या गळालाही एक गांडूळ मधोमध ओवलं, फेकलं, काठी खाली टेकवली आणि हात मांडीखाली दाबून त्यांच्या शेजारी बसला.