दाबून धरलेलं बटन

"गेटवरचा माणूस जागा सोडून पळाला, म्हणून हा प्रकार घडला," असं यात्रा मंडळाचे अध्यक्ष अनंतराव सेटवर बोलले आणि तनुजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती लातूरच्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात बसली होती. आत तिचा धाकटा भाऊ आदिनाथ पायात सळई घालून पडला होता. गेटवरचा माणूस म्हणजे तोच. तिनं पर्समधला वॉकीटॉकीसारखा सेट उपसला आणि बटन दाबलं. टूं. अनंतराव अजून बोलतच होते: बेजबाबदारपणा, शिस्त, मंडळाची अब्रू. तिनं पुन्हा दाबलं. टूं. एक जण बोलत असला की बाकीच्यांनी तोंड शिवून बसायचं, ही त्या सेटची रीतच होती. त्यांचं आटोपलं तेव्हा हिच्या सेटवरची रेंज गेली. वा रे यंत्र! शिव्या ऐकायला रेंज आहे, द्यायला नाही.

आणि म्हणे पळाला! चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच.

शिरूर अनंतपाळच्या अंगाला बोरटेकची टेकडी आहे. वर यमाईचं देऊळ. चढाचा रस्ता एका गाडीपुरता, मध्ये एक आंधळं वळण. म्हणून यात्रेत पायथ्याला एक गेट असतं आणि माथ्यावर एक. खालच्यानं वरच्याला विचारल्याशिवाय गाडी सोडायची नाही, वरच्यानं खालच्याला. पायथ्याला तनुजा आणि माथ्यावर आदिनाथ; गाव त्यांचंच, आणि ही सेवा वडिलांपासून, आप्पासाहेबांपासून, घरात चालत आलेली.

जुने वॉकीटॉकी होते तेव्हा खरखर इतकी की पलीकडे माणूस बोलतोय की कुणी शेंगा भाजतंय, ते कळू नये. आवाज टेकडीच्या पलीकडे जात नसे, आणि परवान्याच्या कागदांपायी मंडळाला घाम फुटायचा. पण ह्या गेटचा शब्द त्या गेटला पोचायचा, टॉवर असो की नसो. यंदा लातूरला वकिली करणाऱ्या अनंतरावांनी सिमकार्डावर चालणारे नवे सेट आणले. बोरटेकात बटन दाबायचं आणि नांदेडच्या माणसाशी बोलायचं!

खोटं कशाला बोला, तनुजालाही ते आवडले होते. नांदेडहून भाविकांना घेऊन येणारी बस वाट चुकली, तर तिनं पायथ्याला उभं राहून ड्रायव्हरला वळण न् वळण सांगितलं. सकाळी उन्हानं चक्कर आलेल्या एका म्हातारीसाठी शिरूरची रुग्णवाहिका एका बटनावर दारात आली.

"आदू, लई कामाची चीज हाय बघ ही," ती सेटवर म्हणाली होती.

"हाव अक्का. पन समदे एकाच ग्रुपात कोंबलेत. दोन गेटांचा ग्रुप येगळा पायजे."

ते तिनं अनंतरावांच्या कानावर घातलं होतं. ते हसून म्हणाले, "अध्यक्षाला सगळं ऐकू आलं पाहिजे, तनुजा. यात्रा झाली की बघू."

मग दुपारच्या नैवेद्याची आरती लागली. अनंतरावांची आई धोंडाबाई लातूरला अंथरुणाला खिळलेली. धडधाकट होती तोवर बाईनं यमाईची एक यात्रा चुकवली नव्हती. तिच्या उशाशीही एक सेट ठेवलेला होता. तिला आरती ऐकू जावी म्हणून अनंतरावांनी आपला सेट गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी ठेवला, बटनावर रबर आवळून बसवला आणि डोळे मिटून हात जोडले. आईसाठी कुणी काही केलं तर नावं ठेवू नयेत. पण ह्या भल्या माणसानं आईचे कान उघडताना सगळ्या टेकडीचं तोंड बांधून टाकलं, आणि ते त्याच्या गावीही नव्हतं.

आरती चालू असताना टेकडीवरून गाडी उतरत नाही, ही बोरटेकची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. माणूस असेल तिथं हात जोडून उभं राहतं. रस्ता रिकामा सापडतो, म्हणून पाण्याचा टँकर नेहमी आरतीतच वर जातो. तनुजानं विचारायला बटन दाबलं. टूं. सेटमधून झांजा वाजत होत्या, म्हणजे आरती चालू आहे. आणि आरतीत वरून कोण येतंय? तिनं टँकर सोडला.

नेमकी तेव्हाच वरून गाडी निघाली. कुणाची? तर अध्यक्षांची. त्यांचा मुलगा आलोक पुरणाचा नैवेद्य डब्यात घेऊन आजीकडे निघाला होता. यात्रेच्या दिवशी यमाईचा नैवेद्य आल्याशिवाय धोंडाबाई घास घेत नसत.

आदिनाथ आडवा झाला. "आरती चालू हाय, आलोकभाऊ. खालून टँकर येत असंल."

"बाबांनीच जा म्हणून सांगितलंय," असं म्हणत आलोकनं गेटचा बांबू स्वतःच्या हातानं उचलला. कुंपणच शेत खायला लागल्यावर राखणदारानं काय करावं? आदिनाथनं बटन दाबलं. टूं. फोन लावला, तर आख्खी यात्रा व्हिडिओ पाठवत बसलेली. फोन लागतोय कशाचा! तेव्हा तो जुन्या पायऱ्यांनी, वळण तोडून, जिवाच्या आकांतानं धावत सुटला.

टँकरवाल्या मलप्पाला वळणावर खांद्यावरची दस्ती हलवणारा माणूस दिसला. त्यानं करकचून ब्रेक दाबला. टँकर घसरत जाऊन नालीत कलला आणि थांबला. वरून आलेली आलोकची गाडी हातभर अंतरावर उभी राहिली. टँकर आणि दरड यांच्या मधे आदिनाथचा पाय होता.

तनुजा धावत वर पोचली. सकाळचीच रुग्णवाहिका, सकाळचंच बटन. ती दाबत राहिली. टूं. टूं. टूं. शेवटी लोकांनी आदिनाथला ओढून काढलं, आलोकच्याच गाडीत घातलं आणि टँकरच्या बाजूनं उरलेल्या चिंचोळ्या वाटेनं गाडी काढली. पुढं ठेवलेल्या सेटमधून आरती चालूच होती. भावाचं डोकं हिच्या मांडीवर, त्याचे ओठ पांढरे पडलेले, आणि गाडीत टाळ्यांचा गजर.

"बंद कर की रे मुडद्या ते!" ती किंचाळली.

आलोकनं सेट बंद केला. गाडी त्यानं थेट लातूरच्या दवाखान्यात नेली.

अनंतरावांचा पोरगा जिवंत घरी गेला, आणि हिचा भाऊ पळपुटा ठरला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! आणि हे सगळं गावाला ऐकवून झालेलं. उद्या आदिनाथ कुबडी घेऊन पारावर गेला तर लोक पायाची विचारपूस करणार नाहीत, गेट का सोडलंस ते विचारतील. तनुजा ताडकन उठली. रेंजची वाट बघायची तिला गरज नव्हती. अनंतरावांचं घर चार गल्ल्या सोडून होतं.

धोंडाबाई उशांना टेकून बसल्या होत्या. शेजारी सेट, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत मोबाइलमध्ये तोंड खुपसून आलोक.

"आप्पासाहेबाची लेक न्हवं तू? ये बाई, बस. आवंदा आरती लई ग्वाड वाटली बघ. वाटलं, म्या टेकडीवरच उभी हाय."

तनुजा भांडायलाच आली होती, पण ह्या गोड बोलण्यानं तिचं डोकं जास्तच भडकलं.

"ग्वाड? आजी, ती आरती तुमच्या कानात वाजत व्हती ना, तवा आमी बटनं दाबून दाबून मरून राहिलो व्हतो. टँकर म्या सोडला. न इचारता सोडला. ते पाप माझ्या डोस्क्यावर, म्या न्हाई म्हनत न्हाई. पन आदू पळाला न्हाई. ह्यो तुमचा नातू बांबू उचलून निघाला, त्याला वाचवायला पळाला. आन् त्याचा पाय चिरडला तवा दवाखान्याची गाडी बोलवायला बी जागा न्हवती, तुमची आरती चालू व्हती म्हनून!"

म्हातारीनं नातवाकडं मान वळवली.

"आलोक, खरं हाय?"

"हो, आजी."

"बापाला सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, आता तू गप्प बसायचं."

"आन् त्यो निवद म्या खाल्ला," धोंडाबाई म्हणाल्या. त्यांनी तोंडावर पदर धरला आणि लगेच खाली घेतला. "ते डबडं दे इकडं."

तनुजानं सेट त्यांच्या हातात दिला. म्हातारीचा अंगठा बटनावर गेला, पण त्यात जोर उरला नव्हता. "तू दाब," त्या म्हणाल्या. तनुजानं दाबलं. ह्या वेळी टूं झालं नाही.

"म्या धोंडाबाई बोलून राहिले. समद्यांनी ऐका. आप्पासाहेबाचं पोर गेट सोडून पळालं न्हाई. माझ्या लेकानं देवीची रीत मोडली, माझ्या नातवानं बांबू उचलला, आन् माझ्या आरतीपायी कुनाला कुनाशी बोलता आलं न्हाई. त्या पोरानं पाय घातला न्हसता तर निवदाच्या जागी माझ्या दारात नातवाचं मढं आलं असतं. अनंता, तू वकील असशील कोर्टात. उद्या त्या पोराच्या उशाशी जायचं आन् हितंच, ह्या डबड्यावर, समद्यांम्होरं त्याची माफी मागायची. तवर माझ्या घरात पाऊल टाकू नगंस."

आलोकच्या हातातला फोन वाजायला लागला. "बाबांचा आहे," तो पुटपुटला.

"वाजू दे."

म्हातारीचं बोलून झालं होतं. तनुजाचा राग काही विझला नव्हता, पण अंगठा दुखायला लागला होता. ती तो उचलणार, तोच धोंडाबाईंनी आपला सुरकुतलेला हात तिच्या अंगठ्यावर दाबून धरला.

"सोडू नगंस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सोडलं की त्यो बोलंल."

दोघी तशाच बसून राहिल्या. आलोकचा फोन वाजत राहिला आणि शिरूरपासून नांदेडपर्यंत सगळ्यांच्या सेटवर तो ऐकू जात राहिला.