लिंबू समजून वाढवलेला वावळ

मी एक वावळ बोलतोय. नाव ऐकून ओळख पटली नाही तरी मनाला लावून घेऊ नका. ज्यांच्या अंगणात मी वाढलो, त्यांनाही तीन वर्षं पटली नव्हती.

माझं बी म्हणजे नाण्याएवढी कागदी चकती, मधोमध दाणा. वाऱ्याने ती उडवली आणि एका घड्याळजीच्या मागच्या अंगणात टाकली. नेमक्या तिथेच त्याने लिंबाच्या बिया पेरल्या होत्या. त्या उगवल्याच नाहीत. उगवलो मी! घड्याळाच्या चाकांचे दात बिनचूक मोजणारा हा माणूस झाडांच्या बाबतीत मात्र अगदीच ढ. सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी! आम्हाला हवं ऊन आणि निचऱ्याची जमीन. पाणी साचलं की मुळं गुदमरतात. लाडाने मी पिवळा पडलो.

शेवटी त्याच्या बायकोने एक पान चुरडून हुंगलं.

"अहो, हे लिंबू? शी! मोजे बरे याच्यापेक्षा."

"मग उपटू?" तो ओशाळून म्हणाला.

"राहू दे आता. पाणी तेवढं बंद करा."

पाणी बंद झालं आणि मी जो सुटलो तो साठ फुटांवर थांबलो. उंची सोडली तर सांगण्यासारखं काही नाही. साल करडी, तिच्याही खपल्या निघतात. फुलं इतकी बारीक की आली कधी, गेली कधी, मलाही कळत नाही. लाकूड हलकं; सुतार त्याची फार तर खोकी करेल. उन्हाळ्यात माझ्या चकत्या उडून घड्याळजीच्या उघड्या घड्याळांत पडत. तो चिमट्याने काढायचा आणि मला शिव्या द्यायचा. हक्काच्या होत्या त्या.

शेजारी, वरच्या मजल्यावर एक शिक्षिका राहायच्या. कचरा, वास, खोलीत अंधार. त्यांनी तक्रार केली. करवत घेऊन माणूस आला. तोवर घड्याळजीची नजर पार गेली होती, दुकानही बंद झालं होतं. तो चाचपडत बाहेर आला, माझ्या खोडाला पाठ लावून उभा राहिला.

"बाई, मला आता पाटी दिसत नाही. गल्लीत शिरलो की याचा पाला पायाखाली चुरडतो, वास येतो, तेव्हा कळतं घर आलं. हा गेला तर मी कुणाकुणाचे दरवाजे ठोठावू?"

शिक्षिका जिना उतरून खाली आल्या. मग करवतवाल्याला म्हणाल्या, "माझ्या खिडकीकडची एकच फांदी काढा."

त्यामुळे आता मी एका अंगाने भांग पाडल्यासारखा दिसतो. मुळात देखणा होतो अशातला भाग नाही.

उद्या अंगणात सिमेंट ओतणार आहेत. आज घड्याळजीच्या बायकोने खडूने माझ्याभोवती गोल आखला.

"एवढी माती मोकळी सोडा," ती गवंड्याला म्हणाली.

"पुरेल का त्याला, काकू?"

ती गुडघे धरत पुन्हा खाली बसली, पहिली रेघ पदराने पुसली आणि हातभर लांबून नवीन ओढली.

गवंडीदादा, माझं एवढंच मागणं आहे: उद्या त्या रेघेवर पाय पडू देऊ नका.