जिलेबीचा रंग

१९९९ च्या उन्हाळ्यात बी.एस्सी.ची परीक्षा देऊन मी नृसिंहवाडीजवळच्या आमच्या गावी आले. दादाची मुलगी पवित्रा तेव्हा चार वर्षांची होती. तिचा अज्जा, म्हणजे माझे वडील आण्णा, वांग्यावर फवारणी करून आले की दारातच तिला खांद्यावर घ्यायचे आणि खिशातला गुळाचा खडा तिच्या तोंडात घालायचे.

त्या संध्याकाळी तिला उलटी व्हायची, लाळ गळायची. ऊन लागलं, असं सगळे म्हणायचे. मी वहीत तारखा लिहिल्या. पाच फवारण्या, चार उलट्या. पाचव्या वेळी तिचे डोळे निरखून बघितले, तर बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. फवारणीच्या विषाची ती खूण होती.

"आण्णा, तुमच्या अंगावरचं औषध तिच्या पोटात जातंय."

"हात धुतो की कालव्यावर. वीस वर्सं मारतोय, मला काय झालंय?"

"तुमचं वजन सत्तर किलो, तिचं तेरा."

"घाल, आता नातीला बी तराजूत घाल!"

मग मी हलवायाकडून जिलेबीत घालतात तो केशरी रंग आणला. तो पोटात गेला तरी चालणार होता. पंप स्वतः घासून धुतला आणि नुसत्या पाण्यात रंग कालवला.

"आज हे मारा. बाकी सगळं रोजच्यासारखं करा."

"वांग्याची जिलेबी करतीस व्हय?" असं म्हणत आण्णांनी धुतलेला सदरा घातला, गळ्यात पंचा टाकला आणि हसत पंप पाठीवर घेतला.

परत आल्यावर त्यांनी मला तळवे दाखवले. ते जवळजवळ स्वच्छ होते. तेवढ्यात "अज्जा, मी आलो!" ओरडत पवित्रा धावली. खांदा झाला, गूळ झाला, पंच्यानं तिचं तोंडही पुसून झालं. मी तिला खाली उतरवलं. मांड्या केशरी, हात केशरी, गाल केशरी. तिनं आरशात जीभ काढली. तीही केशरी. ती खिदळायला लागली.

आण्णा हसले नाहीत. उरलेला गूळ त्यांनी खिशातून काढला, उलटापालटा करून बघितला आणि उकिरड्यावर टाकला.

"म्हंजे आता पोरीला उचलायचंच न्हाय मी?"

"उचला की. आधी साबण लावून आंघोळ, अंगावरचे कपडे बाहेर. गूळ घरातल्या डब्यातला."

पुढच्या दोन्ही फवारण्यांच्या तारखांपुढं मी वहीत फक्त 'ठीक' असं लिहिलं.

तिसऱ्या वेळी आण्णा न्हाऊन, नवा सदरा घालून, हात पसरून दारात आले. पवित्रा पायरीवरून उठलीच नाही. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"अज्जा, गळ्यात पंचा सकाळचाच हाय की."

आण्णांनी पंचा चाचपला. "आयला, व्हय की गं," म्हणाले आणि पुन्हा न्हाणीकडं वळले.

"कानामागं बी घासा!" ती मागून ओरडली.