बेअरिंगवरचे तेल

कीर्तीने बेअरिंगवरून बोट फिरवले आणि उजेडात धरले. बोटाला ताजे तेल लागले होते.

सिहोऱ्याची ही राइस मिल बँकेच्या ताब्यात येऊन वर्ष होत आले होते. कर्ज थकले, नोटिसा गेल्या, कायद्याप्रमाणे ताबा झाला, आणि दाराला लाखेचे सील बँकेची अधिकारी म्हणून कीर्तीनेच लावले. लिलाव तोंडावर आला म्हणून आज ते तिनेच तोडले. आत गंज आणि उंदीर असतील अशी तिची समजूत होती. पट्ट्यांवर धूळसुद्धा नव्हती.

"मंगरू, इथे कोण येतं?"

बँकेचा पहारेकरी मंगरू मान खाजवू लागला. "कोनी नाही मॅडम. सील तं तुमचंच होतं."

तेच तिला खटकत होते. कोणी चोरून धान भरडत असावे, नाहीतर चांगले भाग काढून जुने बसवत असावे. मालमत्ता घटली तर जाब तिलाच द्यावा लागणार होता. तिने मोटारींवरचे नंबर पंचनाम्याशी ताडून पाहिले. सगळे जुळले. काही चोरीला गेले नव्हते, मग तेल कोण कशाला घालेल? तिचा संशय उलट वाढला.

मागच्या भिंतीशी खुडबुड झाली. खिडकीचा सैल गज बाजूला सरकला आणि खांद्याला पिशवी अडकवलेला एक म्हातारा सवयीने आत उतरला. टिकारामजी, वर्षापूर्वीपर्यंतचे मिलमालक. कीर्तीला पाहून ते थबकले, पण पळाले नाहीत. मंगरू जमिनीकडे पाहू लागला.

"हा गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक हाय."

"मग काय विकता इथून?"

"विकाले काय उरलं?" त्यांनी शाफ्टला हात लावून तो हळूच फिरवला. "हे फिरवलं नाही तं जाम होते. जाम मिल भंगाराच्या भावात जाईल. मंग उरलेल्या कर्जासाठी तुम्ही माह्या घरावर याल. थेबी तारणात हाय."

हिशेब चोख होता. याच माणसाने एकदा तपासणीत पुढच्या ओळीत धान आणि मागे कोंड्याची पोती रचून तिला सगळा धानाचाच साठा म्हणून दाखवला होता. तेव्हाही हिशेब चोखच होता.

टिकारामजींनी न सांगताच पिशवी उघडून तिच्यापुढे धरली. तेलाचा डबा, ग्रीस, चिंध्या. कीर्तीने हात घालून तळापर्यंत चाचपले. मग ते बेअरिंगपाशी उकिडवे बसले, आपले काम उरकले आणि आले तसे खिडकीतून निघून गेले. तिने त्यांना अडवले नाही.

बाहेर येऊन तिने दाराला नवे सील लावले. मंगरू घुटमळत होता.

"मॅडम, थे खिडकी बुजवून टाकू का?"

कीर्तीने रुमालाला बोटे पुसली. तेल लवकर जाईना.

"पिशवी पाहत जा त्यांची," ती म्हणाली. "येताना पण, जाताना पण."