दादाची मूठ

धाकट्याच्या जिभेला हाड नव्हतं, आणि सांधेदुखीवरच्या पूरक गोळ्यांचे डबे विकायला लागल्यापासून तर ती मोकाटच सुटली होती. पण त्याचा हुकमी एक्का म्हणजे दादा. दादा शिंपी, बोटांचे सांधे सुजून धरलेले. पहिला डबा त्यालाच दिला आणि महिन्याभरात दादा म्हणाला, "फरक पडलाय रे."

झालं! गिऱ्हाईक जरा का-कू करायला लागलं की धाकटा त्याला दादाच्या दुकानात घेऊन यायचा. "दादा, मूठ वळून दाखव." दादा मुकाट्यानं मूठ वळायचा, गिऱ्हाईक डबा घ्यायचं. येण्याआधी फोन कर, एवढीच दादाची अट.

त्या दिवशी फोन राहिला. सोबत एक निवृत्त शिक्षिका होत्या. दार ढकलून धाकटा आत शिरला तर दादाच्या स्टुलावर वहिनी. कोटाची काजं करत होती. सुई टोचू नये म्हणून दादाचं अंगुस्तान तिच्या बोटात, आत चिंधी घालून घट्ट बसवलेलं. दादा कोपऱ्यात, गरम पाण्याच्या घमेल्यात दोन्ही हात बुडवून.

"कधीपासून?" धाकट्यानं विचारलं.

"तीन महिने झाले, सुई धरता येत नाही," वहिनी टाका ओढत म्हणाली. "आज ठणका जास्त म्हणून हात शेकतायत, एरवी तुमचा फोन आला की शेकतात. घटकाभर मूठ वळते."

"आणि डॉक्टरांच्या गोळ्या?"

"भाऊजी, तुम्हीच म्हणाला होतात ना, आता त्यांची गरज नाही?"

म्हणाला होता. चहा पिता पिता, सहज. डॉक्टरांना न विचारता, दादाचे हात नीट न बघता. त्या क्षणी त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की बाईंकडे मान वर करून बघवेना.

"तू एवढा हौसेनं सांगायचास," दादा पुटपुटला. "तुला चारचौघांत खोटं कसं पाडू?" मग त्याचं लक्ष बाईंकडे गेलं. त्यानं घाईघाईनं हात सदऱ्याला पुसले. "बसा हं बाई. आत्ता वळते."

सुजलेली बोटं आत वळू लागली. अर्ध्यावर अडली. दादानं ओठ दाबून जोर लावला.

"नको दादा," धाकट्यानं तो ओला हात धरला. "बाई, घेऊ नका डबा. मी खोटं बोललो."

त्यानं दादाच्या चपला सरळ करून पुढं ठेवल्या आणि डॉक्टरांकडे न्यायला रिक्षा बघायला बाहेर पडला.