एकविसाव्या दिवसाची मालिश

नणंदेने तळहातावर कोमट तिळाचं तेल घेतलं, त्यात लॅव्हेंडरचे दोनच थेंब सोडले आणि भावजयीची टाच मांडीवर ओढून घेतली. भर दुपारी, जाड चादरीखालून काढलेला पाय गारठलेला होता.

बाळंतिणींना मालिश करणं हाच तिचा धंदा. अकरा वर्षांचा हात. भावजयीच्या कळा चौदा तास चालल्या, तेव्हा हिनेच तिची कंबर चोळली, लॅव्हेंडरचा रुमाल नाकाशी धरला. दोन कळांच्या मध्ये भावजय म्हणाली होती, "ताई, या वासाला धरून आहे मी." नर्सनेही नंतर तेलाचं नाव लिहून घेतलं. म्हणूनच घरी आल्यावर नणंदेने भावाला ठणकावून सांगितलं, "डॉक्टरबिक्टर काही नको. बाळंतिणीला रडू येतंच. मी आहे ना."

आज एकविसावा दिवस. रडू केव्हाच थांबलं होतं. आता भावजय नुसती भिंतीकडे बघत पडून असायची.

"वास नकोसा झालाय का गं? संत्र्याचं घालू?"

"मला वासच येत नाही, ताई."

पाळण्यात मुलगी कुरकुरली. भावजयीने मान वळवली नाही. पायाची बोटं तेवढी आवळली गेली.

"उद्या तिला आंघोळ तुम्हीच घाला. परवाही."

"अगं, मी काय जन्माला पुरणार आहे? तुझी लेक, तुझे हात." नणंद हसली. एकटीच.

"काल तुम्ही टॉवेल आणायला गेलात ना, तेव्हा टबातल्या पाण्यात तिची मान माझ्या हातात होती." दुकानातून काय आणायचं ते सांगावं, तसा आवाज. "मी हात काढून घेतला. सुटला नाही, काढून घेतला. मग तुमची पावलं वाजली आणि मी परत धरली तिला."

नणंदेचा अंगठा तळव्यावर थबकला. काल मुलीला ठसका लागला होता. नणंदेनेच तिचे ओले केस पुसत लाडाने दटावलंही होतं.

तिने घाईघाईने बाटली उपडी केली. थेंब मोजले नाहीत. दोन्ही हातांनी ती पाय चोळू लागली.

"जाईल हे. बघ तू. जाईल, मी सांगते ना, जाईल..."

"ताई, दुखतंय."

पाय लालभडक झाला होता. नणंदेने हात उचलले आणि ते कुठे ठेवावेत हे न सुचून तसेच अधांतरी धरले. मग उठली. साबणाने कोपरापर्यंत धुतले, मुलीला खांद्यावर घेतलं आणि भावाला फोन लावला.

"असशील तसा निघून ये. हिला दवाखान्यात न्यायचंय. नाही, बाळ बरं आहे." ती थांबली. पलीकडून भाऊ काहीतरी विचारत होता. "नाही रे, आज नाही कळलं. मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

फोन ठेवून ती वळली, तर भावजय पलंगाच्या कडेला उठून बसली होती.

"माझ्या चपला कुठे आहेत?"

नणंदेने पलंगाखालून त्या काढून दिल्या. पण तेलकट पाय चपलेत ठरेना. मुलीला एका हाताने छातीशी धरून ती खाली बसली आणि आपल्या ओढणीने तो पाय पुसू लागली, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, तेलाचा मागमूस राहू नये असा.