चालत नाही

मी एक आरोग्य-नोंद बोलतेय. कागदाची फाइल नव्हे हं. मोबाईलमध्ये राहणारी, बोट लावलं की उघडणारी. 'तुमचं आरोग्य, तुमच्या हातात' असं माझ्या जाहिरातीत लिहिलेलं असतं. ते वाचून मला हल्ली लाज वाटते.

माझा जन्म हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीत झाला. बाहेर बासष्ट वर्षांच्या टेलरबाई, आत संगणकावर ऑपरेटर. त्याने कान आणि खांद्यामध्ये फोन दाबून धरला होता. एकीकडे घरचा गळका नळ दुरुस्त करून घेत होता, दुसरीकडे मला भरत होता. कुठल्या औषधाचा त्रास होतो का, हे त्याने विचारलं खरं. बाई म्हणाल्या, पेनिसिलिन मला चालत नाही. तरुणपणी एका इंजेक्शनने त्यांचा घसा सुजून श्वास कोंडला होता.

याच्या कानात शिरलं फक्त 'चालत नाही'. हालचालीच्या रकान्यात त्याने टाकलं, 'रुग्ण चालत नाही'. अ‍ॅलर्जीपुढे टाकलं, 'नाही'. 'मला चालत नाही' आणि 'मी चालत नाही' यांतला फरक पाचवीतलं पोरही सांगेल. पण पाचवीतलं पोर ऐकत तरी असतं. मी अशी जन्मतःच खोटारडी निघाले.

पुढच्या खेपेला बाई दोन जिने चढून वर आल्या, तर शिपाई व्हीलचेअर घेऊन हजर. बाई पोट धरून हसल्या. मग चष्मा लावून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं आणि त्यांचं हसू मावळलं. मला वाचायची त्यांना मुभा होती, बदलायची नव्हती. नोंद त्यांची, पण हात लावायचा दुसऱ्यांनी.

मग टोलवाटोलवी सुरू झाली. ऑपरेटर म्हणाला डॉक्टरांना सांगा, डॉक्टर म्हणाले ते काम नोंदणीचं, नोंदणीच्या साहेबांनी अर्ज भरून घेतला आणि तो विचाराधीन ठेवला. चौथ्या खेपेला बाई पुन्हा खिडकीशी उभ्या राहिल्या.

"अहो, माझी शिवण चुकली तर मी गिऱ्हाइकासमोर उसवून देते. तुमच्याकडे उसवता येत नाही का?"

"झालं समजा, बाई," तो म्हणाला.

बाईंनी तसं समजलं. घरी जाऊन मुलालाही सांगितलं, एकदाची दुरुस्ती झाली. नाही झाली हो, असं मला ओरडायचं होतं. पण दुसऱ्याने माझ्या तोंडी घातलेलं तेवढंच मी बोलते.

वर्षभराने कात्री पायावर पडली. जखम चिघळली, ताप चढला. मुलाने बाईंना तातडीच्या विभागात आणलं. डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीचं विचारलं, तेव्हा त्याने मोठ्या विश्वासाने मला पुढे केलं.

"सगळं यात आहे. आईने मागेच दुरुस्त करून घेतलंय."

डॉक्टरांनी मला वाचलं. नर्सने पेनिसिलिनची सुई भरली. बाईंनी डोळे उघडले, सुईकडे पाहिलं आणि कोरड्या ओठांनी पुटपुटल्या, "चालत नाही... चालत नाही..."

नर्सने प्रेमाने त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

"चालायचं नाहीच आजी. आम्ही उचलून नेणार तुम्हाला."

तासाभरात त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी मला दुरुस्त केलं. योग्य रकाना, लाल अक्षरं, काही म्हणता काही राहिलं नाही. इतकी खरी मी कधीच नव्हते. मुलगा रोज मला उघडतो, ती लाल अक्षरं वाचतो आणि बंद करतो. मला पुढे करणारा हात आपलाच होता, हे त्याच्या मनातून जात नाही. दोष तुझा नाही बाळा, एवढंही मला त्याला सांगता येत नाही.

मला फेकून द्या असं मी म्हणत नाही. मी कामाची आहे, पुष्कळांना उपयोगी पडते. एवढंच मागते, मला उघडण्याआधी समोरच्या माणसाला विचारा आणि त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. टेलरबाई शुद्धीवर होत्या. त्या सांगत होत्या.